विद्युत् शेगडीची तारजोडणी व भूसंपर्कन

विजेची शेगडी घरातील अस्तित्वात असलेल्या विद्युत् मंडलास जोडताना दोन गोष्टी साधाव्या लागतात : मंडलातील तारा व खटके शेगडीचा प्रवाह वाहून नेण्यास समर्थ असणे आणि शेगडीचे धातूचे कवच कमी रोधाच्या मार्गाने जमिनीशी जोडलेले असणे. पहिलीमुळे आगीचा, तर दुसरीमुळे विजेच्या धक्क्याचा धोका टळतो. दुसऱ्या क्रियेस भूसंपर्कन (व्यवहारात अर्थिंग) म्हणतात.

मंडलाची क्षमता : भारतात घरगुती विद्युत् पुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असतो. २,००० वॉटची शेगडी सु. ८·७ अँपिअर प्रवाह घेते. दिवे व पंखे यांच्या मंडलातील ६ अँपिअरच्या खोबणीस हा प्रवाह झेपत नाही. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे प्रवाह दुप्पट झाल्यास उष्णता चौपट होते आणि तारेचे निरोधक आवरण कालांतराने जळते. म्हणून अशा शेगडीसाठी वितरण फलकापासून स्वतंत्रपणे आणलेली, निदान २·५ चौ. मिमी. छेदाची तांब्याची तार, १६ अँपिअरची तीन छिद्रांची खोबण आणि त्याच क्षमतेचा मंडल खंडक (एमसीबी) योजतात. खंडक वारंवार पडतो म्हणून त्याजागी मोठा खंडक बसविणे घातक होय. कारण खंडक मुख्यतः तारेचे रक्षण करतो. सु. ७,००० वॉटच्या चार चुलींच्या शेगडीस ३० अँपिअर प्रवाह लागत असल्याने जुने मंडल तिला निरुपयोगी ठरते.

भूसंपर्कनाचे कार्य : शेगडीच्या तापक तारेचे निरोधन ओलाव्याने वा उष्णतेने बिघडल्यास धातूच्या कवचावर विद्युत् दाब येतो. उघड्या वेटोळ्याच्या शेगडीत तर धातूचे भांडेच तारेस टेकू शकते. ओल्या पायांनी उभ्या असलेल्या व्यक्तीच्या शरीराचा रोध १,००० ओहम धरल्यास तिच्यातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे प्राणघातक प्रवाह जातो. भूतारेचा रोध अत्यल्प असल्यास कवचावरील दाब वाढू शकत नाही व मोठा प्रवाह वाहून खंडक तत्काळ मंडल तोडतो.

मात्र केवळ जमिनीत नळी पुरल्याने हे साधतेच असे नाही. भू-अग्राचा रोध १० ओहम असल्यास दोषप्रवाह २३ अँपिअरच भरतो आणि १६ अँपिअरचा खंडक पडण्यास कित्येक मिनिटे लागू शकतात. दख्खनच्या खडकाळ जमिनीत, विशेषतः उन्हाळ्यात ओल आटल्यावर, हा रोध याहूनही अधिक असू शकतो. यासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीस मंडल तोडणारा अवशिष्ट प्रवाह खंडक (आरसीसीबी) भूतारेच्या जोडीने बसवितात. भूतार नसल्यास हा खंडक माणसाला धक्का बसू लागल्यावरच कार्य करतो. ती असल्यास दोष उद्भवताच करतो.

चुकीच्या पद्धती : जुन्या घरांत बहुधा दोनच तारा असतात. अशा ठिकाणी खोबणीतच भूछिद्र उदासीन तारेस (न्यूट्रलला) जोडण्याची प्रथा अत्यंत धोक्याची आहे. पुढे ती उदासीन तार तुटल्यास शेगडीच्या तापक तारेतून कवचावर पूर्ण दाब येतो. आणि प्रवाह वाढत नसल्याने एमसीबी पडत नाही. पाण्याच्या नळास भूतार जोडणेही अयोग्य होय. मधला एखादा प्लॅस्टिकचा तुकडा हा मार्ग खंडित करतो व शेजाऱ्यांच्या तोट्यांवर दाब येऊ शकतो. योग्य उपाय म्हणजे वितरण फलकापासून स्वतंत्र हिरवी भूतार आणणे.

उपकरणाच्या दोरीत तपकिरी तार फेजची, निळी उदासीन व हिरवी-पिवळी भूसंपर्काची असते. भिंतीतील तारकामात मात्र निळी तार तिसऱ्या फेजचीही असू शकते; त्यामुळे केवळ रंगावर विसंबून जोडणी करू नये.

तपासणी : हे काम मुख्य खटका बंद करून परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडून करून घेणे इष्ट असते. भूसंपर्कनाविषयीची भारतीय मानक संहिता आयएस ३०४३ ही आहे. जोडणीनंतर भूतारेची अखंडता व दोषमार्गाचा रोध मापकाने मोजतात. आरसीसीबीवरील चाचणीची कळ दाबल्याने केवळ तो खंडक कार्यक्षम असल्याचे कळते. भूतार अस्तित्वात असल्याचे त्यावरून सिद्ध होत नाही.