कवेतून निघालेलं माप

बालमित्रांनो, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा पाहू! डाव्या हाताच्या बोटांपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत जे अंतर होतं, त्यावरून इंग्रजांनी एक माप ठरवलं. त्याचं नाव 'फॅदम'. फॅदम म्हणजे 6 फूट, साधारण 1.83 मीटर.

पण हा शब्द मुळात फक्त मापाचा नव्हे बरं का! हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता पसरलेले हात, आणि मिठीसुद्धा. आपण 'कव' म्हणतो ना, तीच!

मग ही कव पाण्यात कशी शिरली? खलाशी दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडत. वजन तळाला टेकलं, की दोरी ओढून हात पसरून मोजत. जितक्या कवा, तितके फॅदम पाणी! अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर 'मार्क ट्वेन' अशी आरोळी आली, की समजायचं, पाणी दोन फॅदम आहे. 'टॉम सॉयर'च्या लेखकाचं खरं नाव सॅम्युअल क्लेमेन्स. त्यानं 1863 साली हीच आरोळी टोपणनाव म्हणून घेतली.

आपल्या कोकणातले कोळी याच मापाला 'वाव' म्हणतात. संस्कृतात त्याला 'व्याम' म्हणत. कोल्हापूरला समुद्र नाही, पण विहिरी आहेत. इथला जुना शेतकरी सांगतो, "विहीर चार परस खोल आहे." परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची.

अर्थात, सगळ्यांचे हात सारखे नसतात. व्यवहारात तंटे नकोत, म्हणून माप एकच हवं. 1956 च्या कायद्यानं मीटर आला, ते बरंच झालं. पण त्याबरोबर परस आणि वाव हे शब्द मात्र विसरायला लागलेत.

गंमत पुढेच आहे. खोली मोजता मोजता इंग्रजीत 'फॅदम'ला 'नीट समजून घेणं' असाही अर्थ आला. आपणही म्हणतो, "त्याच्या मनाचा ठाव लागत नाही." ठाव पाण्याचा आणि मनाचाही!

तेव्हा 'फॅदम म्हणजे सहा फूट' एवढंच पाठ करून थांबू नका. या रविवारी आजोबांना विचारा, आपल्या गावातली विहीर किती परस? आणि आई-बाबांनो, उत्तर ऐकायला तुम्हीही बसा. ही मापं अजून घरात कुणाला तरी आठवताहेत, तोवर विचारून घेऊ या.