शेजाऱ्याचें छप्पर

घर एका दिवसांत मोडत नाहीं. प्रथम छपराचा एखादा पत्रा हालतो. त्या फटींतून पाणी झिरपूं लागतें. पुढें वासा कुजतो, भिंत ओली होते आणि अखेरीस पायांखालची जमीन खचते. ज्याच्या हातीं पैसा आहे तो पहिल्याच पावसांत सुतारास बोलावतो. ज्याच्या हातीं तो नाहीं त्यानें काय करावें? या प्रश्नाचें एक उत्तर अमेरिकेंतील ॲपलाचिया नांवाच्या डोंगराळ प्रदेशांत ख्रिस्ती तरुणमंडळी गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें देत आली आहे. त्याची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयुक्त वाटेल, अशा समजुतीनें ती आम्ही येथें देत आहों.

हा प्रदेश अमेरिकेच्या पूर्वभागीं असून तेथें कोळशाच्या खाणी पुष्कळ. दुसऱ्या महायुद्धानंतर या खाणींत मोठालीं यंत्रें आलीं, आणि जें काम पूर्वीं शेंकडों मजूर करीत तें थोडक्यांच्या हातून होऊं लागलें. असंख्य कुटुंबें पोटासाठीं उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरीं गेलीं. मागें राहिलेल्यांत वृद्ध व दुर्बल माणसें बरींच होतीं. राहतें घर पुष्कळदां त्यांच्या स्वतःच्या मालकीचें. परंतु तें लांकडाचें, हवा दमट, हिवाळा कडक, आणि दुरुस्तीस पैसा नाहीं.

१९६९ सालच्या उन्हाळ्यांत मेथडिस्ट पंथाचे पाळक ग्लेन एव्हन्स यांनीं केंटकी राज्यांतील बारबरव्हिल गांवीं सुमारें ५० तरुण व प्रौढ स्वयंसेवक जमविले. लोक एव्हन्सना 'टेक्स' या नांवानें ओळखीत. त्या पहिल्या वर्षीं ४ घरें दुरुस्त झालीं. या लहानशा बीजांतून 'ॲपलाचिया सर्व्हिस प्रॉजेक्ट' ही संस्था वाढली. आज तिचें काम केंटकीखेरीज टेनेसी, व्हर्जिनिया, पश्चिम व्हर्जिनिया इत्यादि राज्यांतहि चालतें.

कामाची रीत साधी आहे. उन्हाळ्याच्या सुटींत निरनिराळ्या चर्चांतील मुलें व मुली, वडील माणसांसह, आठवडाभर येतात. त्यांचा मुक्काम पुष्कळदां एखाद्या रिकाम्या शाळेंत असतो. स्वयंसेवक फुकट श्रम करतात, इतकेंच नव्हे तर येण्यासाठीं वर्गणीहि भरतात. दुरुस्तीच्या सामानाचा खर्च भागण्यास तिची मदत होते. लहान लहान तुकड्या पाडून प्रत्येकीस एक घर नेमून देतात. एका आठवड्यांत काम संपलें नाहीं, तर पुढील आठवड्याची तुकडी तें हातीं घेते.

घर ऊबदार, सुरक्षित व कोरडें करणें हें या कामाचें ध्येय होय. रंगरंगोटी मागाहून. कुजलेली जमीन उखडून नवी घालण्याआधीं पाणी कोठून येतें तें शोधावें लागतें. छप्पर गळतें, पन्हळ तुंबलेली आहे, कीं नळ फुटला आहे? मूळ कारण तसेंच राहिलें तर नवी फळीहि थोड्याच वर्षांत जुनीच्या वाटेनें जाते. जमिनीखालील तुळई दुबळी झाली असेल, तर तिला लागून दुसरी भक्कम तुळई ठोकून भार वांटून देतात. पंगु माणसासाठीं पायऱ्यांऐवजीं उतरण बांधावयाची, तर १ फूट उंचीस १२ फूट लांबी धरतात. याहून चढ उभा केल्यास चाकांची खुर्ची ढकलणें कठीण होतें. गणिताच्या तासाला कंटाळणाऱ्या मुलास प्रमाण म्हणजे काय, हें येथें हातानें कळतें.

या उपक्रमावर आक्षेपहि आहेत, व ते टाकाऊ नाहींत. ज्यांनीं कधीं करवत धरली नाहीं, त्या मुलांपेक्षां त्याच पैशांत तेथील सुतारांस काम कां देऊं नये? शिवाय छप्पर बसलें म्हणून गेलेला रोजगार परत येतो काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर स्पष्टपणें 'नाहीं' असेंच आहे. ज्या कारणांनीं दारिद्र्य आलें तीं हातोड्यानें दूर होत नाहींत. पहिल्याविषयीं आम्हांस असें वाटतें कीं, ज्या कामावर जाणत्याची देखरेख नाहीं तें सेवा नसून उपद्रव होय. पण देखरेख असेल तर त्या आठवड्यांत दोन गोष्टी साधतात. म्हातारीच्या अंथरुणावर पाणी ठिबकावयाचें थांबतें, आणि गरिबी ही आळसाची शिक्षा आहे, अशी सुखवस्तु मुलाची समजूत असल्यास तीहि गळून पडते.

यांत घरधन्याची संमति सर्वांत महत्त्वाची. १९२० सालीं पिएर सेरेसोल या स्विस गृहस्थांनीं फ्रान्समध्यें वर्दूनजवळील एका उद्ध्वस्त खेड्यांत घरें उभारण्यास निरनिराळ्या देशांचे तरुण नेले. त्यांत जर्मनहि होते. हेतु थोर होता. पण युद्धाची जखम ताजी असल्यामुळें जर्मनांची उपस्थिति तेथें रुचली नाहीं, व कांहीं महिन्यांतच काम थांबवावें लागलें. सेरेसोल यांनीं तरीहि हें व्रत सोडलें नाहीं. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत भयंकर भूकंप झाला, तेव्हां ते सहकाऱ्यांसह हिंदुस्थानांत आले व तेथील खेडीं पुन्हां वसविण्यास झटले.

आपल्याकडे पावसाळ्यापूर्वीं घर शाकारण्याची चाल जुनीच आहे. कौलारू घर आजहि पुष्कळ गांवीं दिसतें, आणि त्यांत एकटीं राहणारीं वृद्ध माणसेंहि दिसतात. विद्यार्थीमित्रहो, छपरावर चढणें हें जाणत्याचें काम. तें त्यालाच करूं द्यावें. परंतु खालून कौलें हातोहात देणें, फुटकीं वेगळीं काढणें, पन्हळींतून काढलेला पाला वाहून नेणें, अंगणांतील पाण्यास वाट करून देणें, हें तुम्हांला येण्यासारखें आहे. पालकांनीं एखादा शनिवार मुलांबरोबर द्यावा. मात्र प्रथम दाराशीं उभें राहून, "आजी, आम्ही आलों तर चालेल काय?" असें नम्रपणें विचारावें, आणि आजीबाईंनीं आधीं चहा घ्या म्हटलें, तर तो घेऊनच कामास लागावें. ज्याचें आपण कांहीं घेतों, त्याच्याशींच आपलें शेजारपण जुळतें.