बुडबुडे, चूल आणि प्रा. ज्येष्ठराज जोशी

प्रा. ज्येष्ठराज भालचंद्र जोशी ह्यांचा जन्म १९४९ साली सातारा जिल्ह्यातील मसूर येथे झाला. माटुंग्याच्या 'यूडीसीटी'तून १९७१ मध्ये ते रासायनिक अभियंता झाले. तेथेच प्रा. मनमोहन शर्मा ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९७७ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि तेथेच अध्यापनात आयुष्य वेचले.

त्यांच्या संशोधनाचा विषय वरकरणी पोरखेळ वाटावा असा: बुडबुडे. उंच नळकांड्यात द्रव भरून तळातून वायू सोडला, की मध्यभागी द्रव बुडबुड्यांसोबत वर चढतो व भिंतीलगत खाली उतरतो. अनेक कारखान्यांत रासायनिक क्रिया अशाच स्तंभांत घडविल्या जातात. मात्र प्रयोगशाळेतील वीतभर रुंद स्तंभात साधलेली क्रिया पुरुषभर रुंदीच्या स्तंभात तशीच साधेल, ह्याची शाश्वती नसते; रुंदी बदलली की प्रवाहही बदलतो. १९७९ साली जोशी व शर्मा ह्यांनी सुचविले की, स्तंभात एकच मोठे चक्र न मानता, सुमारे व्यासाइतक्या उंचीची एकावर एक रचलेली अनेक चक्रे मानावीत. वायूने आणलेली ऊर्जा कोठे खर्च होते ह्याचा हिशेब मांडला, की द्रवाचा वेग काढता येतो. ह्या गणिताने मोठ्या स्तंभाची आखणी निव्वळ अंदाजावर सोडावी लागत नाही.

पुढे हीच प्रवाहशास्त्राची दृष्टी त्यांनी स्वयंपाकघराकडे वळविली. सिंदी (रेल्वे) परिसरातील ज्या माउलींनी पऱ्हाट्या जाळून स्वयंपाक केला आहे, त्यांना ह्याचे मोल सांगावयास नको. धूर म्हणजे न जळलेले इंधनच. साध्या चुलीतील बरीचशी उष्णता भांड्याला न लागता वाया जाते, आणि धुराने डोळे व फुप्फुसे जातात ती निराळीच. हवा कोठून व किती यावी, ज्वाळा भांड्याला कशी भिडावी, ह्याचा प्रा. अनिरुद्ध पंडित ह्यांच्यासह त्यांनी बारकाईने अभ्यास केला. आमच्या मते त्यांच्या कार्याचा हा भाग अधिक परिचित व्हावयास हवा.

१९९९ ते २००९ ते संस्थेचे संचालक होते. ह्याच काळात, २००८ मध्ये, संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९९१ चा भटनागर पुरस्कार व २०१४ चे पद्मभूषण त्यांना लाभले. मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

ह्या विषयाची ओढ असलेल्या आपल्या मुलामुलींना मुंबईच गाठावी लागते असे नाही. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ पासून हा विषय शिकवीत आली असून २०२३ पासून ती स्वतंत्र विद्यापीठ आहे. सिंदीहून नागपूर रेल्वेने जवळच आहे.