अंगठा लागला का?

पहाटेची मराठवाडा एक्स्प्रेस मनमाडकडं निघून गेली की धर्माबाद स्टेशनाबाहेरचा चहावाला जरा मोकळा होतो. मी साडेपाचला तिथं असतो. दहा रुपयांचा चहा, मोबाईलनं स्कॅन, की लगेच स्पीकरचा डबा बोलतो, 'पदि रूपायलु'. चहावाला मराठी माणूस, पण डबा तेलुगू. बसवून देणाऱ्या पोरानं तीच भाषा लावली आणि बदलायची कशी हे याला माहीत नाही. "राहू द्या, गिऱ्हाईक अर्धं तिकडलंच हाय," म्हणतो. खरंच आहे. सीमेपलीकडं बासर, पुढं गोदावरी ओलांडली की निजामाबाद. तिकडून आलेला माणूसही हाच चौकोन स्कॅन करतो.

माझे आजोबा याच गावात निजामाच्या काळात दुकानदारी करायचे. खिशात निजामाचा हाली शिक्का, आणि रेल्वेनं मुंबईकडं माल धाडायचा तर इंग्रजांचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब त्यांना झोपेतही यायचा. तो सात-सहाचा हिशेब नातवाच्या वाट्याला आला नाही. माझ्या वाट्याला आल्या नोटा.

सात वाजता माझी खरी ड्यूटी सुरू होते, म्हणजे नोटा गोळा करणं. मी बँक मित्र. ग्राहक सेवा केंद्राची पाटी, एक लॅपटॉप, अंगठ्याचं मशीन आणि गल्ला. कुणी आधारवर पैसे काढले की त्याच्या खात्यातून रक्कम कटते, माझ्या खात्यात जमा होते, आणि नोटा मी माझ्या गल्ल्यातून मोजून देतो. म्हणजे खात्यात मी दुपारपर्यंत श्रीमंत आणि गल्ल्यात कंगाल. पूर्वी यावर सोपा उपाय होता. किराणावाले शेठ स्वतःच हाक मारायचे, "अरे, घेऊन जा रे नोटा, बँकेत भरायला कोण जाईल?" मी नोटा घ्यायचो, त्यांच्या खात्यात पैसे टाकायचो. आता त्याच शेठनं मोबाईल माझ्यापुढं धरला: "बघ, सगळं इथंच पडलंय. गल्ल्यात सहाशे रुपये हायत, तेबी सुट्टे." मेडिकलवाल्याचंही तेच. गाव जेवढं स्कॅन करायला लागलं तेवढ्या माझ्या नोटा आटल्या. २०१६च्या नोव्हेंबरात नोटाबंदीनं नोटा गेल्या होत्या, पण चार-सहा महिन्यांत परत आल्या. या वेळच्या परत येतील असं दिसत नाही.

पावणेदहाला शटर उघडलं तेव्हा पायरीवर अकरा बाया बसलेल्या. लाडक्या बहिणीचा हप्ता पडलेला. २०२४च्या जुलैपासून महिन्याला १,५०० रुपये, आणि हप्ता पडल्याची बातमी कुठल्याही मेसेजच्या आधी मिरची निवडणाऱ्या बायांना कळते. इथल्या बाजाराची ओळखच लाल मिरची. देठ काढून काढून या बायांच्या बोटांची आग आग होते आणि बोटांवरच्या रेषा पुसट होतात. मशीनला नेमक्या त्या रेषाच पाहिजेत.

"अंगठा लावा मावशी. दाबू नका, ठेवा नुसता."

लाल दिवा. पुन्हा लाल. मी ओल्या फडक्यानं बोट पुसतो, मग कोरड्यानं, मग मधलं बोट, मग डाव्या हाताचं. पाचव्यांदा हिरवा लागतो, तेव्हा मागच्या बाया 'लागला गं!' म्हणतात, लग्नाचा मुहूर्त लागल्यासारखं. एका सीमेपलीकडच्या बाईला मात्र एकच विचारायचं असतं, "पैसलु वच्चिनाया?" पैसे आले का. तिची लेक इकडं दिलीय, तिच्या घरी आलीय. अंगठ्याला राज्य कळत नाही, म्हणून तिचेही मी काढून देतो.

एका आजीचे पैसे आलेत, पण तिच्या पासबुकात नाहीत. हा प्रकार आठवड्यातून दोनदा होतो. सरकारी पैसा, आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं त्या खात्यात जातो. आजीनं कधीतरी सिमकार्ड घेताना अंगठा दिला होता, तेव्हा कुणीतरी तिचं भलतंच खातं उघडून ठेवलं. "मी कुठं उघडलं माय?" आजी मलाच विचारते. मी यादीतल्या बँका एकेक करून बघतो, चौथ्या बँकेत सापडतात.

साडेअकराला घोटाळा झालाच. एका मावशीचे दोन हजार कटले, मशीनवर मात्र व्यवहार फेल. माझ्या खात्यात काही आलं नाही, मग मी नोटा कुठून देणार? रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पाच दिवसांत पैसे आपोआप परत जायला पाहिजेत, नाहीतर बँकेनं दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. हे मी तिला छापील पावती दाखवून सांगितलं. मावशी पावतीकडं बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. "भाऊ, मशीननं खाल्ले म्हणतोस. मशीन तर तुजंच हाय ना?" यावर काय बोलणार? मी गल्ल्यातून पाचशे काढून दिले, उसने म्हणून, वहीत लिहून. कमिशन एका व्यवहाराला मोजकेच रुपये. हा धंदा आहे की समाजसेवा, हे बायको रोज विचारते.

दुपारी दीडला नोटा संपल्या. 'दोन तासांनी या' लिहिलेली पाटी लावली आणि डबा खाल्ला. जेवताना मोबाईलवर वाचलं होतं ते आठवलं: केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झाला, तिथं माझ्यासारखाच माणूस कोपऱ्यावर बसतो, नोटा घेतो, मोबाईलमध्ये पैसे टाकतो, आणि त्याला दोन्हीकडून कमिशन मिळतं. व्होडाफोननं २०१३ला ते भारतातही आणलं होतं, २०१९ला गुंडाळलं. आपल्याकडं चालला तो यूपीआय, २०१६चा, थेट बँकेतून बँकेत. २०२०पासून दुकानदाराला त्यावर शुल्क नाही, म्हणून चहावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांनी चौकोन चिकटवला. २०२५च्या ऑगस्टात देशात एका महिन्यात २,००० कोटींवर व्यवहार झाले. त्यातला एक माझा सकाळचा चहा. पण यूपीआयमध्ये मधला माणूसच नाही, तर कमिशन कुणाचं? मधला माणूस फक्त अंगठावाल्यांना लागतो.

चारला एक शेतकरी मामा आले, घाबरलेले. सोयाबीनचे पैसे खात्यात आले, आणि 'केवायसी करा' म्हणून कुणाचा तरी फोन. मी एवढंच विचारलं, "पिन टाकला का?" नाही टाकला. मग मी श्वास सोडला. त्यांच्या वहीच्या मागं मोठ्या अक्षरात १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लिहून दिला, आणि खाली: पैसे घ्यायला पिन लागत नाही. हे मी दिवसातून इतक्यांदा सांगतो की झोपेत बडबडतो म्हणे.

सहानंतर बाजारात हमालांची हजेरी वाटणं चाललेलं असतं. शेतकऱ्याचे पैसे आडत्यानं खात्यात टाकले, पण हमालाला रोख पाहिजे, कारण बायकोकडं साधा फोन आहे आणि पोराच्या फोनमध्ये गेलेले पैसे परत दिसत नाहीत. हे एका हमालानंच सांगितलं, हसत.

साडेआठला पंपवाल्याचा फोन. "आज वीस हजार निघतील, सगळ्या पाचशेच्या. येतो का?"

मी थैली घेतली. पंपावर जाऊन वीस हजार स्कॅन केले. डब्यानं आकडा म्हटला, तरी त्यानं फोन उघडून खात्री केली. मी नोटा घेतल्या, थुंकी न लावता दोनदा मोजल्या. पेट्रोलचा वास येत होता. उद्या सकाळी मावशीला हे चालेल.