पोट उचलणारी मुंगी

वरंध घाटाच्या पायथ्याशी झाडांच्या फांद्यांत काळपट तपकिरी गोळे अडकलेले दिसतात. काही फुटबॉलएवढे, काही त्याहून मोठे. पुष्कळ जण त्यांना वाळवीचे वारूळ समजतात. पण वाळवी मातीच्या बोगद्यांतून झाकून ये-जा करते. इथे फांदीवर उघड्यावर रांग लागलेली असते. हे घर क्रिमॅटोगॅस्टर प्रजातीच्या मुंग्यांचे.

चघळलेले वनस्पतींचे तंतू लाळेत कालवून मुंग्या पुठ्ठ्यासारखा पदार्थ तयार करतात. त्याचे थर कौलांप्रमाणे एकावर एक येतात, म्हणून कोकणातला पाऊस त्यांवरून निथळून जातो. अन्न म्हणजे लहान कीटक आणि मावा, खवले कीड यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस. त्या रसासाठी मुंग्या या किडींची राखणही करतात. बागायतदाराला त्या नकोशा वाटतात, ते उगीच नाही.

लुंड या डॅनिश निसर्गाभ्यासकाने 1831 मध्ये दिलेल्या नावाचा अर्थ 'लोंबते पोट'. नाव थोडे फसवेच, कारण डिवचल्यावर ही मुंगी पोट उचलते, थेट डोक्यावर आणते! इतर मुंग्यांत कंबर पोटाच्या पुढच्या टोकाला जोडलेली असते. हिच्यात ती पोटाच्या वरच्या बाजूला जोडलेली असते. सगळी किमया या सांध्याची. नांगीचे टोक चमच्यासारखे पसरट असल्याने ती टोचत नाही, विषाचा थेंब शत्रूच्या अंगावर फासते. गवताची काडी रांगेजवळ धरावी आणि भिंगातून पाहावे. बदामाच्या आकाराचे, टोकदार पोट वर झालेले विद्यार्थ्यांना सहज दिसेल. घरटे मात्र फोडू नये.

कारण त्यात आणखी कोणी राहत असेल. तांबूस सुतारपक्षी या मुंग्या व त्यांची पिल्ले खातो, आणि त्यांच्याच नांदत्या घरात पोकळी कोरून दोन-तीन अंडी घालतो. विणीचा काळ साधारण फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. भाताच्या राबासाठी कवळ तोडण्याचे कामही उन्हाळ्यापर्यंत चालते. गोळा असलेली फांदी राखली, तर शेतकऱ्याचे एखाददुसऱ्या भाऱ्याचेच नुकसान. पक्ष्याची मात्र त्या वर्षाची वीण वाचते. गोळ्याच्या बाजूला गोल भोक दिसले, तर दुरून दुर्बिणीने पाहावे. मुंग्यांनी हा शेजार मुकाट्याने मानलेला नसतो: त्याच्या शेपटीच्या पिसांना कधी कधी चावा न सोडलेल्या मुंग्यांची नुसती डोकी चिकटलेली असतात.