हारांविना स्मरण

थोर लेखकाचे स्मरण म्हटले की आपल्याला जयंती वा पुण्यतिथी आठवते. इंग्रज कादंबरीकार जे. आर. आर. टॉल्किन यांच्या चाहत्यांनी मात्र निराळीच तिथी निवडली. 'टॉल्किन सोसायटी'ने २००३ साली सुरू केलेला वाचनदिन २५ मार्चला असतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये त्या दिवशी जुलमी सॉरॉनची सत्ता कोसळते. १९१६ साली सोमची रणभूमी पाहिलेल्या या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाने सत्तेची अंगठी नष्ट करण्याची कामगिरी ठेंगण्या, घरकोंबड्या हॉबिटांवर सोपविली. सामान्यांवरील ही श्रद्धा भाषणांतून उमगत नाही. त्यासाठी पुस्तकच उघडावे लागते. आपल्या शाळांतूनही जयंतीच्या दिवशी हार घालण्याआधी लेखकाची चार पाने मोठ्याने वाचली जावीत.