हिंगाच्या डबीपासून

लेखमाला – गव्हाशिवायचं घर : लेखांक ३

सिलिअ‍ॅक या आजाराचं निदान झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत घरात जी खरेदी होते ती उलट्या क्रमानं होते, असं माझं मत आहे. आईबाबा ग्लुटेन-फ्री बिस्किटं, ग्लुटेन-फ्री पास्ता आणि कणकेच्या कितीतरी पट महाग असलेलं मिश्र पीठ मागवतात. त्याच संध्याकाळी मुलाच्या वरणाला जी फोडणी बसते, तिच्यात गहू असतो.

तो हिंगातून येतो. दुकानात मिळणारा बहुतेक हिंग बांधणीचा असतो. अफगाणिस्तान-इराणकडून येणारा मूळ चीक फार उग्र असतो. तो डिंक आणि पीठ घालून सौम्य करतात, आणि ते पीठ बऱ्याचदा मैद्याचं असतं. काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात. डबीवर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, म्हणून तिथं वाचायचं. खडा हिंग म्हणजे शुद्ध हिंग, असंही धरून चालू नका; बांधणीच्या हिंगाचेही खडे मिळतात.

चिमूटभर हिंगातून पोटात जाणारं ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते त्रासदायक प्रथिन, तसं थोडंच. तरी सुरुवात तिथून करा असं मी सांगते, कारण ही चिमूट रोज दोन वेळा पडते. शिवाय लोणच्यात, पापडात, विकतच्या मसाल्यांत असते ती वेगळीच. आणि डबी बदलायला कष्टही पडत नाहीत.

थोडं म्हणजे नेमकं किती, हा प्रश्न घरातली मोठी माणसं विचारणारच. २००७ साली इटलीतल्या एका अभ्यासात, आधीपासून पथ्यावर असलेल्या सिलिअ‍ॅकच्या प्रौढ रुग्णांना ९० दिवस रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन कॅप्सूलमधून दिलं गेलं. तेवढ्यानंही आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसला. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत दोन ग्रॅमच्या वर ग्लुटेन असतं. म्हणजे हे ५० मिलिग्रॅम पोळीच्या चाळिसाव्या भागाइतकंही नाही. ‘एका घासानं काय होतंय?’ याचं उत्तर या आकड्यांत आहे. ते आजीला रागावून न सांगता तिच्यासमोर पोळीचा तेवढा तुकडा मोडून दाखवावा.

घास खाल्ल्यावर पोट दुखलं नाही म्हणजे तो चालला, असंही नाही. काही मुलांना लगेच उलट्या-जुलाब होतात, काहींना काहीच होत नाही. आतलं नुकसान मात्र दोघांचंही होतं. म्हणून मुलाच्या चेहऱ्यावरून निर्णय घ्यायचा नाही. डॉक्टर ठरावीक महिन्यांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला सांगतात ती यासाठीच. तिचा आकडा हळूहळू उतरतो, कधी वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ. पहिल्या तपासणीत तो एकदम नॉर्मल आला नाही म्हणून खचू नका. तो उतरतोय ना, एवढं बघा.

गव्हाचा या आजाराशी असलेला संबंध पहिल्यांदा नीट मांडला तो विलेम-कारेल डिक या डच बालरोगतज्ज्ञानं. त्याला १९३०च्या दशकातच गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये उपासमार चालू असताना पाव मिळेनासा झाला, तेव्हा सिलिअ‍ॅकची मुलं सुधारताना दिसली. युद्धानंतर पाव परत आला तसा आजारही परतला. डिकचा प्रबंध १९५० सालचा. त्याला सुमारे पाऊणशे वर्षं झाली, तरी या आजारावरचा उपाय आजही तोच आहे : गहू, जव आणि राय ही धान्यं पूर्ण बंद.

हिंगानंतर पाळी गिरणीची. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं, हे मागच्या लेखात पाहिलं. पण गिरणीवाला दिवसभर गहू दळतो आणि मधेच तुमची दोन किलो ज्वारी टाकतो. आधीचं पीठ दगडात, कापडी नळीत, डब्याच्या कडेला उरलेलंच असतं. ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ असं आपण चवीसाठी सांगत आलो. सिलिअ‍ॅकला तेवढ्यानं भागत नाही. परवडत असेल तर पहिला मोठा खर्च घरघंटीवर करा, आणि तिच्यात गव्हाचा दाणाही कधी पडू देऊ नका. जुनी, गव्हाची सवय झालेली घरघंटी पुसून वापरण्यात अर्थ नाही. नवी परवडत नसेल तर तांदूळ, नाचणी, डाळी मिक्सरवर थोड्या थोड्या करता येतात. वेळ लागतो, पण होतं. सुटं धान्य आणलं तर निवडून, धुऊन, वाळवून घ्या, कारण दुकानदाराचं माप गव्हाच्या पोत्यातूनच आलेलं असतं. बेसनाच्या पुड्यापेक्षा निवडलेली हरभरा डाळ घरी दळलेली बरी.

स्वयंपाकघरात सगळं नवं आणायची गरज नाही. स्टीलची परात, पातेली, डाव नीट घासले की झालं. लाकडी पोळपाट-लाटणं मात्र मुलासाठी वेगळं हवं, तवाही वेगळा, आणि चाळण तर वेगळी हवीच; जाळीत अडकलेलं पीठ कितीही धुतलं तरी निघत नाही. पुऱ्या तळलेल्या तेलात मुलाचा पापड तळायचा नाही. तुपाच्या भांड्यात आणि लोणच्याच्या बरणीत पोळीचा चुरा लागलेला चमचा जातोच, त्यामुळे मुलाचं तूप-लोणचं बाजूला काढून ठेवा. मुलाचा स्वयंपाक आधी, पोळ्या नंतर, हा क्रम पाळला तर निम्मी कटकट कमी होते, कारण कोरडं पीठ उडून कुठेही बसतं. आणि हो, स्वयंपाक चालू असताना लहान मुलांच्या हातात चिमणी करायला कणकेचा गोळा देतो, तोही बंद. तांदळाच्या उकडीची चिमणी जास्त सुबक होते.

आता खायचं काय? इथं मराठी घर नशीबवान आहे. भाकरी, घावन, आंबोळी, पोहे, उकडीचे मोदक, अनारसे, थालीपीठ. थालीपिठापाशी थांबा : भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. मेतकुटातही असतो. सातूचं पीठ, कुरडया, शेवया, लापशी हे तर गव्हाचेच किंवा जवाचे. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून होतात. भाजणी आणि मेतकूट गव्हाशिवाय घरी करता येतात आणि चवीत फार फरक पडत नाही. चकलीची भाजणी तांदूळ आणि डाळींची असते, पण विकत आणताना विचारून घ्या.

खपली गव्हाबद्दल मात्र ठासून सांगते. ‘हा जुना गहू आहे, हलका आहे, यानं काही होत नाही’ असं सांगणारे नातेवाईक भेटतील. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि सिलिअ‍ॅकच्या मुलाला तो चालत नाही. सेंद्रिय गहू, गावरान गहू, आंबवलेल्या पिठाचा पाव, सगळ्यांचं उत्तर एकच.

उपवासाचं आपलं स्वयंपाकघर जवळजवळ पूर्ण बिनगव्हाचं आहे : वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. प्रवासात, लग्नकार्यात त्याचा मोठा आधार होतो. पण रोज साबुदाणा आणि बटाटा देऊन भागवू नका. निदान होईपर्यंत बऱ्याच मुलांचं लोह कमी झालेलं असतं, वजन-उंची मागे पडलेली असते. साबुदाण्यात पिष्टमयाशिवाय जवळपास काही नाही. नाचणी कॅल्शियम देते, बाजरी लोह, राजगिरा प्रथिनं. ग्लुटेन-फ्री बिस्किटांचंही तेच. पुड्यावर ते शब्द छापायचे तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये, असा एफएसएसएआयचा नियम आहे. म्हणजे ती सुरक्षित आहेत, पौष्टिक असतीलच असं नाही. वाढदिवसाला आणा.

सगळ्यात अवघड जागा प्रसादाची. मूल हात पुढे करतं, देणारा मायेनं देतो, आणि आईनं मधे हात घालायचा म्हणजे चारचौघांत अपमान केल्यासारखं होतं. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा गव्हाच्या रव्याचाच हवा, असं लोक मानतात; पण कथेतच गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं चालेल अशी सोय सांगितली आहे. आपल्या घरच्या पूजेला सगळ्यांसाठीच तांदळाच्या रव्याचा शिरा करावा. दुसऱ्यांकडे आधी फोन करून केळं किंवा खोबरं-साखर बाजूला ठेवायला सांगावं. कोणी नाही म्हणत नाही. मुलासमोर मात्र ‘बिचाऱ्याला चालत नाही हो’ हे वाक्य नको. चार-पाच वर्षांचं मूल ‘यात गहू आहे का?’ हे स्वतः विचारायला शिकतं, आणि दया दाखवली नाही तर खणखणीत आवाजात विचारतं.

पोळीच्या आधीची पिढी घरात असेल तर तिला या कामात ओढा. ज्या आजीनं लहानपणी रोज भाकरी खाल्ली आणि पोळी सणावारी पाहिली, तिला हे पथ्य वाटतच नाही. शिक्षा वाटते ती आपल्याला.

मग सगळ्या घरानंच गहू सोडावा का? मूल पाच वर्षांच्या आत असेल, घर लहान असेल, तर काही महिने सोडणं सोपं जातं. कायमचं सोडायला हवंच असं नाही. पण त्याआधी एक काम राहता कामा नये. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या आईवडील आणि भावंडांमध्ये हा आजार इतरांपेक्षा बराच जास्त सापडतो, आणि त्यांना काहीही त्रास होत नसताना सापडतो. त्यांचीही टीटीजी तपासणी करायची असते. ही तपासणी माणूस गहू खात असतानाच खरी येते; गहू बंद करून दोन-तीन महिन्यांनी केली तर आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. तेव्हा भावंडांचं आणि आईबाबांचं रक्त आधी द्या, रिपोर्ट हातात येऊ द्या, तोवर घरात पोळ्या चालू ठेवा.

पुढच्या लेखात शाळा : डबा, मैत्रिणीचा डबा आणि वर्गशिक्षिकेला लिहायची चिठ्ठी.